भिंती नसलेला तुरुंग : स्वतंत्रपूर

१/ अमेरिकन वेस्टर्न चित्रपटांत एक पात्र हमखास भेटते. मागे गुन्हा, पुढे ओसाड जमीन आणि पुन्हा माणसांत येण्याची आस. अशा माणसांची खरीखुरी वसाहत महाराष्ट्रातही आहे : सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर.

२/ आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. १९३९ साली राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपले अधिकार प्रजेच्या हाती सोपवणारी राज्यघटना दिली. त्याच काळात, मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रिडमन यांच्या कल्पनेतून ही कैद्यांची मुक्त वसाहत उभी राहिली.

३/ ना तट, ना बेड्या. कैद्याने बायकामुलांसह राहायचे आणि माणदेशाच्या कोरड्या मातीत शेती करायची. पळून जाणे सोपे होते; म्हणूनच रोज थांबणे हीच कसोटी होती. ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नव्हते, त्याच्याच हाती राज्याने विश्वास दिला.

४/ आटपाडी परिसरातल्याच शेटफळे येथे जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी या प्रयोगावरून कथा लिहिली. व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये तिचा ‘दो आँखें बारह हाथ’ केला. सहा खुनी, एक जेलर, एक माळरान. १९५८ मध्ये बर्लिनने त्याला रौप्य अस्वल दिले.

५/ पडद्यावर जेलर मरतो. कैद्यांना त्याचे डोळे पुरतात. १९४८ मध्ये औंध संस्थानही विलीन झाले. स्वतंत्रपूर मात्र उरले. राजा गेला, तरी त्याने टाकलेला विश्वास सरकारी दप्तरात टिकून राहिला.