‘नेटिव्ह’ कोण? इंग्रजी शिकवणाऱ्याच्या जन्माची चौकशी

‘नेटिव्ह’ या शब्दाचा प्रवास मोठा मजेशीर आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी होती. तिथला नेटिव्ह म्हणजे इथला काळा माणूस, ज्याला साहेबाने शिकवायचे. आज कोरिया, जपान, चीनमधल्या शिक्षकभरतीच्या जाहिराती उघडा. तिथे ‘नेटिव्ह स्पीकर पाहिजे’ असे असते आणि हा नेटिव्ह म्हणजे साहेब स्वतः! शब्द तोच, माणूस बदलला. खालच्या बाजूला असलेला मात्र दोन्ही वेळा आपणच.

हे आठवायचे कारण असे की गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांमधली इंग्रजीत एम.ए., बी.एड. झालेली मुले-मुली परदेशात शिकवण्याची नोकरी शोधू लागली आहेत. इथे विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या पगारावर राबण्यापेक्षा ते बरे, हा विचार चुकीचा नाही. कोणी पैसे साठवून ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स करतो. मग अर्ज करताना कळते की पहिली अट पासपोर्टची आहे आणि दुसरी फोटोची. पदवीचा नंबर त्यानंतर.

दक्षिण कोरियाचे उदाहरण घेऊ. तिथे परदेशी भाषाशिक्षकाला ई-2 नावाचा व्हिसा लागतो. इंग्रजीसाठी तो अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. पदवी कुठल्याही विषयाची चालते. म्हणजे न्यूझीलंडचा प्राणिशास्त्राचा पदवीधर इंग्रजीचा शिक्षक होतो आणि औरंगाबादचा इंग्रजीचा एम.ए. होत नाही. भारताशी झालेला आर्थिक भागीदारी करार 1 जानेवारी 2010 पासून लागू झाला, तेव्हा भारतीयांसाठी एक फट उघडली. पण तीही कशी? इंग्रजीचीच पदवी हवी, शिक्षकाचा परवाना हवा आणि पद मिळणार ते सहायक शिक्षकाचे. कोलंबिया आणि लंडनच्या डॉक्टरेट मिळवलेले बाबासाहेबसुद्धा या अटीत बसले नसते. त्यांची पदवी इंग्रजीची नव्हती आणि जन्म महूचा.

‘जन्माने इंग्रजी बोलणाराच उत्तम शिक्षक’ ही समजूत आली कुठून? 1961 साली युगांडातल्या मकेरेरे इथे राष्ट्रकुल देशांची इंग्रजी अध्यापनावर परिषद झाली. वसाहती स्वतंत्र होत होत्या; साहेब निघाला होता, पण इंग्रजी मागे ठेवायची होती. भाषाअभ्यासक रॉबर्ट फिलिप्सन यांनी 1992 च्या आपल्या पुस्तकात दाखवले की या परिषदेतून पुढे पाच गृहीतके रुजली. त्यातले एक नेमके हेच होते: आदर्श शिक्षक म्हणजे नेटिव्ह स्पीकर. फिलिप्सन त्याला भ्रम म्हणतात. चांगला शिक्षक घडतो तो प्रशिक्षणाने, आणि जी भाषा स्वतः कष्टाने शिकलेली असते तिच्यातले खाचखळगे त्याला जास्त ठाऊक असतात. हे कळायला एम.ए. लागत नाही, घरात इंग्रजीचा गंध नसताना ती शिकलेल्या कुणालाही विचारा.

म्हणजे गुणवत्तेचे नाव पुढे करून जन्म तपासायचा. ही पद्धत आपल्याला नवी आहे का?

बरे, सात देशांच्या यादीत बसले म्हणजे सुटले असेही नाही. अर्जासोबत फोटो मागायचा आणि रंग बघून निवड करायची, ही तिथल्या खासगी शिकवण्यांची जुनी तऱ्हा. अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय शिक्षकांना, इतकेच काय कोरियन वंशाच्या अमेरिकन शिक्षकांनाही हा अनुभव आहे. मालक म्हणतो, पालकांना गोरा चेहरा लागतो. आपल्याकडे फोटोची गरज पडत नाही, आडनाव पुरते. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवले होते. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणी कमी आली.

कोरियातली सगळ्यात वादग्रस्त अट मात्र 2007 च्या अखेरीस आली. तिथे पूर्वी शिकवून गेलेला एक परदेशी शिक्षक मुलांच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणात थायलंडमध्ये पकडला गेला आणि मोठा गहजब झाला. सरकारने सगळ्याच ई-2 शिक्षकांना एचआयव्ही आणि अमली पदार्थांची चाचणी सक्तीची केली. कोरियन शिक्षकांना ती नव्हती, कोरियन वंशाच्या परदेशी शिक्षकांनाही नव्हती. म्हणजे प्रश्न आरोग्याचा नव्हता, रक्ताचा होता. अमुक रक्ताच्या माणसाचे शरीर संशयास्पद, ही भावना आपण नीट ओळखतो. 1918 साली बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले तेव्हा त्यांची पदवी सहकाऱ्यांना चालली, पण त्यांनी त्याच माठातले पाणी पिणे चालले नाही.

उल्सान शहरात शिकवणाऱ्या न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेने 2009 मध्ये ही चाचणी पुन्हा द्यायला नकार दिला. नोकरी गेली. पण ती थांबली नाही. तिचे प्रकरण वंशभेद निर्मूलनाच्या संयुक्त राष्ट्र समितीपुढे गेले. 1 मे 2015 रोजी समितीने निर्णय दिला: या चाचणीला सार्वजनिक आरोग्याचा आधार नाही, तिच्या काम करण्याच्या हक्काचा भंग झाला, भरपाई द्या. 2016 मध्ये कोरियाच्या मानवाधिकार आयोगानेही तीच बाजू घेतली आणि 2017 मध्ये शिक्षकांची एचआयव्ही चाचणी रद्द झाली. सात देशांची यादी मात्र या निर्णयाने हलली नाही. नागरिक आणि परकीय यांत फरक करण्याची मुभा वंशभेदविरोधी करारच देतो. त्या खिडकीतून जन्माची अट अजूनही आत येते.

आता याच कराराची दुसरी गोष्ट, जी आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. 1965 मध्ये हा करार तयार होत असताना त्याच्या पहिल्या कलमात वंश, वर्ण, राष्ट्रीय मूळ यांच्या जोडीला ‘डिसेंट’, म्हणजे जन्मकूळ, हा शब्द घालण्याची सूचना कुणी केली? भारताने! पुढे 1996 मध्ये समितीने जात या शब्दात येते असे म्हटले, तेव्हा हाच भारत ‘जात म्हणजे वंश नव्हे’ म्हणू लागला. 2001 च्या डर्बन परिषदेत दलित कार्यकर्ते जातीचा प्रश्न घेऊन गेले, तर सरकारी शिष्टमंडळ तो विषय येऊ नये म्हणून झटत होते. 2002 मध्ये समितीने शिफारस क्रमांक 29 काढून जन्मकुळात जात येते, हे स्पष्ट लिहिले. भारत सरकार आजही ते मानत नाही.

आणि उल्सानची शिक्षिका त्या समितीपर्यंत पोहोचली ती कशी? कराराच्या कलम 14 खाली देशाने तशी घोषणा केली असेल, तरच व्यक्तीला आपल्या सरकारविरुद्ध वा यजमान सरकारविरुद्ध तक्रार करता येते. कोरियाने ती 1997 मध्ये केली. भारताने करार 1968 मध्येच मान्य केला, कलम 14 ची घोषणा केलेली नाही. त्यामुळे आपल्या एखाद्या मुलीला कोरियात वंशावरून डावलले, तर तिला, तिथले न्यायालय संपल्यावर, जिनिव्हाची वाट आहे. तिला आडनावावरून पुण्यात डावलले, तर ती वाट नाही.