फोनमधलं निओडिमियम, लोणावळ्याचा दगड आणि आकाशातून आलेली मोजपट्टी

मागच्या पावसाळ्यात राजमाचीच्या वाटेवर मित्राने विचारलं, "फोनच्या स्पीकरमधल्या चुंबकात निओडिमियम असतं ना? मग ते या काळ्या दगडात नाही का?" आहे! पण किती, हे कळायला मोजपट्टी लागते, आणि ती चक्क उल्कापाषाणांतून मिळते.

मोजपट्टी कशाला?
निओडिमियम हे दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांपैकी एक. या गटात सम अणुक्रमांकाची मूलद्रव्यं शेजारच्या विषम अणुक्रमांकाच्या मूलद्रव्यांपेक्षा जास्त असतात. त्यामुळे नुसत्या आकड्यांचा ग्राफ काढला तर करवतीचे दात दिसतात. प्रत्येक आकड्याला उल्कापाषाणातल्या आकड्याने भागलं की दात जातात आणि खरा कल दिसतो. डेटा 'नॉर्मलाइझ' करतो ना, तसंच.

उल्काच का?
'सीआय कॉन्ड्राइट' प्रकारच्या उल्का कधी वितळल्याच नाहीत. वायू सोडले तर त्यांची घडण सूर्याच्या वर्णपटाशी जुळते, म्हणजे सूर्यमालेचा मूळ कच्चा माल. १८६४ मध्ये फ्रान्समध्ये पडलेली ऑर्ग्वेय ही त्यातली प्रसिद्ध. आपल्याकडे २०१२ मध्ये नागपूर जिल्ह्यात काटोलला पडलेली उल्काही कॉन्ड्राइटच, पण 'एल६' प्रकारची. ती खूप तापून गेलेली असल्याने मूळ मोजपट्टी म्हणून सीआयच वापरतात.

सीआयमधलं प्रमाण (पीपीएम, म्हणजे दहा लाखांत किती भाग):
- सिरियम (५८): ०.६१
- प्रासिओडिमियम (५९): ०.०९
- निओडिमियम (६०): ०.४६

आता मावळात
खंडाळा-लोणावळ्याचा बसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. दख्खनच्या बसाल्टमध्ये निओडिमियम साधारण १० ते ३० पीपीएम. ०.४६ ने भागा: उल्केच्या २० ते ६५ पट! ग्राफ लँथेनमकडे उंच आणि ल्युटेशियमकडे उतरता दिसतो. कारण खडक थोडासा वितळतो तेव्हा हलकी मूलद्रव्यं आधी लाव्हारसात जातात. लोणावळा उपगटातल्या 'बुशे' थरांत तर लाव्हात जुनं भूकवचही मिसळलंय, हे अशाच मोजमापांतून कळलं.

मग खाण काढायची का?
नाही. ३० पीपीएम म्हणजे एक टन दगडात फक्त ३० ग्रॅम, तेही खनिजांत विखुरलेलं. केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट खनिजात मात्र निम्म्याहून जास्त वजन या मूलद्रव्यांच्या ऑक्साइडचं असतं. म्हणून 'सह्याद्रीत खजिना सापडला' असा फॉरवर्ड आला, तर आधी एवढंच विचारा: किती पीपीएम?