मेंदूचा निरोप्या आणि मेंदूचा लगाम

वैद्यकाच्या इतिहासांत कधीं रोगाची खूण आधीं सांपडते व औषध मागाहून निघतें. तर कधीं औषध आधीं हातीं लागतें, आणि तें कां लागू पडतें हें उमगावयास वर्षें लोटतात. स्मृतिभ्रंश व चिंता या विकारांवरील औषधांत या दोन्ही तऱ्हा दिसतात.

१९२१ सालीं ऑस्ट्रियांतील ग्राट्स येथें ओटो लोवी यांनीं बेडकाचीं दोन हृदयें घेतलीं. पहिल्याचा मज्जातंतु विजेनें चेतवितांच त्याचे ठोके मंदावले. त्यांतील द्रव दुसऱ्या हृदयास दिला, तों तेंही मंदावलें! मज्जातंतूंचा निरोप रासायनिक द्रव्य पोंचवितें, हें त्यावरून ठरलें. या निरोप्याचें नांव ॲसिटिलकोलिन.

अल्झायमर यांनीं १९०६ सालीं वर्णिलेल्या स्मृतिभ्रंशांत हें द्रव्य घडविणारें विकर मेंदूंत फार घटतें, असें १९७६ च्या सुमारास ब्रिटनमधील संशोधकांस आढळलें. नवा निरोप्या घडत नसेल, तर असलेला तरी लवकर नष्ट होऊं नये, हा विचार पुढें आला. १९९६ सालीं अमेरिकेंत मान्य झालेलें डोनेपेझिल हेंच करतें: निरोप्याचा नाश करणाऱ्या विकरास तें आवरतें. त्यानें कांहीं रोग्यांची स्मृति काहीं काळ सांवरते. पेशींचा ऱ्हास मात्र थांबत नाहीं.

चिंतेच्या औषधाची कथा उलट आहे. १९५७ सालीं अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत लिओ स्टर्नबाख यांच्या प्रयोगशाळेची आवराआवर चालू असतां, बाजूस पडलेली एक भुकटी परीक्षेस पाठविली गेली. ती देतांच प्राणी शांत झाले. १९६० सालीं ती ‘लिब्रियम’ म्हणून व तिची बहीण १९६३ सालीं ‘व्हॅलियम’ म्हणून बाजारांत आली. परंतु मेंदूंत तिची जागा कोठें, हें १९७७ सालीं कळलें. मेंदूंत ‘गाबा’ नांवाचें द्रव्य लगामाचें काम करतें. ही गोळी स्वतः लगाम ओढीत नाहीं, गाबाची पकड बळकट करते.

येथेंच गृहस्थांनीं सावध राहावें. स्मृति क्षीण झालेला वृद्ध रात्रीं अस्वस्थ झाला, कीं घरांतील जुनी झोंपेची गोळी त्यास देण्याचा मोह होतो. परंतु तोच लगाम स्मृतीसही आवळतो. भ्रम वाढतो, तोल जाऊन हाड मोडतें. दीर्घकाळ घेतल्यास संवय जडते, आणि ती एकाएकीं सोडल्यास आंकडीही येऊं शकते. म्हणून ही गोळी सुरू करणें व सोडणें, दोन्ही वैद्याच्या सल्ल्यानेंच व्हावें.