उत्तर येईपर्यंत: वेस्ट पॉइंटची वाट पाहणारी माणसं

तुमच्या घरात यंदा शाळेच्या शेवटच्या वर्षाला असलेलं मूल असेल आणि त्याने सैनिकी अकादमीसाठी अर्ज केला असेल, तर पुढचं वाचायची तुम्हाला गरज नाही. तुम्ही ते जगताच आहात. इतरांसाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेत वेस्ट पॉइंट किंवा अॅनापोलिसला नुसता अर्ज करून भागत नाही. नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्ड पुरत नाही. आपल्या भागाच्या खासदाराकडून किंवा सीनेटरकडून नामनिर्देशन लागतं. त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळे निबंध, वेगळी मुलाखत. शारीरिक चाचणीत धावणं आणि पुल-अप तर असतंच, पण गुडघ्यांवर बसून बास्केटबॉल लांब फेकावा लागतो. मग वैद्यकीय तपासणी, ज्यात लहानपणी कधी दम्याचा पंप वापरला होता हेसुद्धा उकरून काढलं जातं. एवढं सगळं झालं की उरते ती वाट पाहणं. कुणाला पानगळीतच कळतं, कुणाला एप्रिल उजाडला तरी नाही.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत राहते. तिच्या मुलीने वेस्ट पॉइंटला अर्ज केला आहे. मी इतिहासाची पोस्टडॉक, म्हणजे स्वतःच बारा महिने कुठल्या ना कुठल्या अर्जाच्या उत्तराची वाट पाहणारी. फेब्रुवारीत त्यांच्याकडे गेले होते तेव्हा ताई भाजी चिरता चिरता म्हणाली, "तू इतिहासवाली ना? मग सांग, ही माणसं इतका वेळ का लावतात? आणि पूर्वीच्या लोकांनी काय केलं गं तोवर?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. वेस्ट पॉइंटची अकादमी 1802 साली, जेफरसनच्या काळात सुरू झाली. लवकरच तक्रार सुरू झाली, की ही श्रीमंतांच्या आणि वशिल्याच्या पोरांची सोय आहे. त्यावर उपाय म्हणून जागा देशभर वाटायची पद्धत पडली आणि 1843 साली ती कायद्यात आली: प्रत्येक मतदारसंघाला एक कॅडेट. म्हणजे जागा अकादमीची, पण तिची किल्ली खासदाराच्या खिशात. आज एका खासदाराचे पाच कॅडेट एका वेळी अकादमीत असू शकतात. म्हणजे साधारण वर्षाला एक जागा रिकामी होते. एक जण बाहेर पडल्याशिवाय दुसरा आत जात नाही. ताईच्या लेकीच्या वाट पाहण्याचं मूळ हे आहे.

दुसऱ्या प्रश्नाने मात्र मला कामाला लावलं.

युलिसिस ग्रँटची गोष्ट घ्या. त्याला आपण वाट पाहतोय हेच ठाऊक नव्हतं. तो ओहायोतल्या जॉर्जटाउनचा. त्याच गावच्या डॉक्टर बेली यांचा मुलगा वेस्ट पॉइंटला गेला होता. तो तिथे टिकला नाही. एकदा बाहेर पडला, तयारी करून पुन्हा गेला आणि पुन्हा काढला गेला. डॉक्टर मानी माणूस. त्यांनी मुलाला घरी यायचीच बंदी केली. तेव्हा गावात तार नव्हती, आगगाडी नव्हती. मुलगा दिसला नाही तर कुणाला काही कळण्याचं कारण नव्हतं. पण मुलाच्या आईला राहवलं नाही. तिने शेजारच्या ग्रँटबाईंपाशी मन मोकळं केलं. ग्रँटबाईंनी नवऱ्याला सांगितलं आणि नवऱ्याने लगेच कागद-दौत पुढे ओढली.

इथे माझं मन नेहमी बेलीबाईंपाशी अडकतं. "लोक काय म्हणतील" हे फक्त आपल्याकडचं दुखणं आहे असं तुम्हाला वाटत असेल तर ही बाई आठवा. तिने दुःख सांगितलं आणि त्या दुःखातून शेजारणीच्या मुलाला जागा मिळाली.

पुढे आणखी गंमत झाली. ग्रँटच्या वडिलांचं आपल्या खासदाराशी, टॉमस हेमरशी, राजकारणावरून वाजलं होतं, बोलणं बंद. म्हणून त्यांनी सीनेटरला लिहिलं. सीनेटरने कळवलं, ही जागा हेमरच्या हातातली आहे. नाइलाजाने अबोला मोडून हेमरला पत्र गेलं. हेमरची मुदत 3 मार्च 1839 ला संपत होती. अगदी शेवटच्या घटकेला त्याने नाव भरलं, आणि घाईत चुकीचं भरलं. मुलगा हायरम युलिसिस. कागदावर झाला युलिसिस एस. ग्रँट. पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तरी ते नाव सुटलं नाही. आपल्याकडच्या पासपोर्टवरच्या नावांच्या गमती आठवल्या की नाही?

आणि मुलगा? त्याला जायचंच नव्हतं. आपल्या आत्मचरित्रात तो मोकळेपणाने कबूल करतो, की वाटेत एखादा आगबोटीचा किंवा आगगाडीचा अपघात होऊन थोडीशी दुखापत व्हावी आणि आपण काही काळ अपात्र ठरावं, अशी त्याची इच्छा होती. आत गेल्यावरसुद्धा, त्या डिसेंबरात अकादमीच बंद करण्याचं विधेयक काँग्रेसपुढे होतं, तर हा मोठ्या आशेने वर्तमानपत्रातल्या चर्चा वाचत बसे. हे मी भाचीला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. "म्हणजे माझी सीट अशा कुणाकडे तरी असेल," एवढंच म्हणाली.

बापांची धावपळ बघायची असेल तर जॉर्ज पॅटनच्या वडिलांकडे बघा. कॅलिफोर्नियाचे सीनेटर बार्ड काही शब्द देईनात. वडिलांनी ओळखीच्या, वजनदार माणसांकडून पत्रांवर पत्रं पाठवायला लावली. दरम्यान मुलाला 1903 साली व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटमध्ये घातलं. वर्ष वाया नको आणि शिस्तही अंगात मुरेल. बार्ड यांनी शेवटी चाचणी ठेवली आणि 1904 च्या मार्चमध्ये पॅटनचं नाव दिलं. आत गेल्यावर गणितात घसरून त्याने पहिलं वर्ष पुन्हा केलं, ही बाब वडिलांच्या त्या पत्रांच्या गठ्ठ्याशेजारी ठेवून बघावी अशी आहे.

डग्लस मॅकआर्थरचं तर घराणंच लष्करी, तरी दोन राष्ट्राध्यक्षांकडे केलेले प्रयत्न फुकट गेले. त्यात पाठीचा कणा थोडा वाकडा म्हणून तो तपासणीत अडकला. आई त्याला घेऊन मिलवॉकीला जाऊन राहिली. एकीकडे डॉक्टरांचे व्यायाम, दुसरीकडे स्थानिक खासदाराच्या परीक्षेचा अभ्यास. परीक्षेत तो पहिला आला आणि 1899 साली आत गेला. आई मागोमाग गेली आणि अकादमीजवळच्या हॉटेलात मुक्काम ठोकला! हेलिकॉप्टर पालक हा शब्द हेलिकॉप्टरच्या आधीच हवा होता.

पण मला या सगळ्यांत जवळचा वाटतो तो कॅन्सासमधल्या अॅबिलीनचा ड्वाइट आयझेनहॉवर. शाळा 1909 ला संपली. घरात पैसा नाही. दोघा भावांनी ठरवलं: एकाने शिकायचं, दुसऱ्याने कमवून पैसे पाठवायचे. थोरला एडगर मिशिगनला शिकायला गेला. ड्वाइट गावातल्या क्रीमरीत, म्हणजे दूध-लोण्याच्या कारखान्यात, लागला. पुढे रात्रपाळीचा मुकादम झाला. आठवड्याचे सातही दिवस, संध्याकाळी 6 ते सकाळी 6. तिथे त्याचा दोस्त हॅझलेट रात्री गप्पा मारायला येई. हॅझलेट अॅनापोलिसच्या परीक्षेत गणितात आपटला होता आणि पुन्हा बसणार होता. त्याने ड्वाइटला पटवलं, तूही बस; फुकट शिक्षण मिळतंय. 1910 च्या ऑगस्टमध्ये ड्वाइटने सीनेटर ब्रिस्टो यांना पत्र लिहिलं आणि त्यात स्वतःचं वय एका वर्षाने कमी सांगितलं. दोघं एकमेकांचा अभ्यास घेऊ लागले. ऑक्टोबरात टोपिकाला परीक्षा झाली. वयामुळे अॅनापोलिसचं दार बंद झालं. सीनेटरने वेस्ट पॉइंटसाठी त्याचं नाव दिलं. तिथे शिकून 1915 साली बाहेर पडलेल्या त्याच्या तुकडीतल्या 164 जणांपैकी 59 पुढे जनरल झाले.

त्याची आई आयडा धर्मश्रद्धेने युद्धाच्या विरोधात होती. तिने मुलाला अडवलं नाही. निर्णय तुझा आहे, म्हणाली. 1911 च्या जूनमध्ये तो गेला आणि ती आपल्या खोलीत जाऊन रडली. धाकट्या मिल्टनने आईला रडताना तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

हे सांगत असताना ताईची सुरी थांबली. मग बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मी रोज देवाजवळ काय मागते माहितेय का तुला? हिचं होऊ नये म्हणून मागते. आणि मग ती धावून आली की तिला बदाम भिजवून देते." पाच वर्षांची नोकरी तर बांधलेलीच असते पदवीनंतर, तिने तो हिशेब कधीच केलेला होता. मुलगी कितव्या वर्षी कुठे असेल, जगात तेव्हा काय चाललेलं असेल.

मी गप्प राहिले. कारण आणखी एक नाव माझ्या मनात होतं, ते मी तेव्हा सांगितलं नाही. हेन्री फ्लिपर, 1856 साली जॉर्जियात गुलामगिरीत जन्मलेला. 1873 साली अटलांटाला शिकत असताना त्याने आपल्या खासदाराला स्वतः पत्र लिहिलं. त्याच्यासाठी पत्रं लिहायला वजनदार बाप नव्हता. त्याला जागा मिळाली. आणि मग चार वर्षं इतर कॅडेट त्याच्याशी कामापुरतंच बोलत. 1877 साली तो वेस्ट पॉइंटमधून पदवी घेणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला. पाचच वर्षांत कोर्टमार्शल होऊन सैन्यातून काढला गेला. राष्ट्राध्यक्षांची माफी आली ती 1999 साली, त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ साठ वर्षांनी. उत्तर "हो" आलं म्हणजे वाट पाहणं संपलं, असं समजणाऱ्यांनी फ्लिपरचं आत्मकथन वाचावं.

बायकांचं वाट पाहणं तर वेगळ्याच मापाचं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी 1975 च्या ऑक्टोबरात कायद्यावर सही केली. 1976 ला वेस्ट पॉइंटमध्ये 119 मुली गेल्या, 1980 ला 62 बाहेर पडल्या. आपल्या खडकवासल्याला याहून उशीर झाला. एनडीएची परीक्षा मुलींना देता यावी, हा सर्वोच्च न्यायालयाचा अंतरिम आदेश 2021 च्या ऑगस्टमधला. नोव्हेंबरात मुली परीक्षेला बसल्या, पुढच्या वर्षी आत गेल्या आणि 2025 च्या मे महिन्यात त्यांतल्या 17 जणी संचलन करत बाहेर पडल्या. माझी आई पुण्याची. कॉलेजच्या सहली खडकवासल्याला जात, तेव्हा धरणाच्या पलीकडे तो घुमट दिसे. मुली भजी खात त्याकडे बघत, एवढंच. अर्जच करता येत नसेल तर वाट तरी कशाची पाहणार?

एक सावधगिरीची सूचना इतिहासाच्या विद्यार्थिनीने द्यायलाच हवी. मी सांगितलेली ही सगळी माणसं आत गेलेली आहेत. त्यांनी आठवणी लिहिल्या, त्यांची पत्रं जपली गेली. ज्यांना "नाही" आलं त्यांची पत्रं कुणी पेटीत ठेवली नाहीत. बेलींच्या घरातली ती गोष्टसुद्धा आपल्याला कळते ती शेजारचा मुलगा मोठा झाला म्हणून. हे ताईला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग त्या डॉक्टरच्या मुलाला घरी घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?"

परवा रविवारी पुन्हा गेले होते. एप्रिल लागला आहे, उत्तर नाही. भाची दुसऱ्या एका विद्यापीठाचं आरओटीसीचं पत्र फ्रिजवर लावून मोकळी झाली आहे. तिचं म्हणणं, पॅटनचा बापही हेच करत होता. ती धावायला गेली तेव्हा तिचा फोन ओट्यावरच राहिला होता. दोनदा वाजला. ताईने दोन्ही वेळा हात पुसले, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा थालीपीठ थापायला लागली. दार उघडल्याचा आवाज आला तशी तिने गॅस मोठा केला आणि आतूनच विचारलं, "किती मैल झाले गं?"