तक्त्यातला ‘के’

भोसरीच्या वर्कशॉपांतून येणारे बुशांचे लॉट तपासण्यात माझी अख्खी नोकरी गेली. दोन हजार नग आले की तक्ता उघडायचा. १,२०१ ते ३,२०० ही ओळ, अक्षर ‘के’, म्हणजे १२५ नग उचलायचे. एक्यूएल, म्हणजे खराबीची मान्य पातळी, १.० असेल तर तीन खराब निघेपर्यंत लॉट पास, चौथा निघाला की माल परत. नवे पोरगेही आठवड्यात हे शिकतात. तक्ता आला कुठून, हे मात्र कुणी विचारत नाही.

तो आला टेलिफोनच्या धंद्यातून. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनी टेलिफोन बनवी. त्याच परिवारातल्या बेल लॅब्समध्ये हॅरॉल्ड डॉज आणि हॅरी रोमिग यांनी व्यवहारी प्रश्न घेतला: तयार लॉटमधले किती नग पाहिले की पुरे? त्यांचे तक्ते १९४१ साली छापून आले, आणि लगेच अमेरिकन लष्कराला त्यांची गरज पडली. काडतूस चांगलं की नाही हे ते उडवल्यावरच कळतं. सगळीच उडवून पाहिली तर आघाडीवर पाठवणार काय? युद्ध संपल्यावर १९५० साली लष्कराचं तपासणीचं मानक, मिल-स्टँडर्ड १०५ए, निघालं. १९६३ च्या ‘डी’ आवृत्तीमागे अमेरिकेसोबत ब्रिटन आणि कॅनडाही होते.

आपल्याकडे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या बोलावण्यावरून वॉल्टर श्यूहार्ट १९४७-४८ मध्ये येऊन गेले. कंट्रोल चार्टचे जनक तेच. पुढे आयएस २५०० हे भारतीय मानक झालं. त्यातला ‘के’ तोच, १२५ सुद्धा तेच.

माझ्या मते आकड्यांपेक्षा हुशारी आहे ती बदलाच्या नियमात. लागोपाठच्या पाच लॉटांत दोन नापास झाले की कडक तपासणी सुरू. नग तेवढेच, १२५. पण आता तिसराच खराब नग लॉट परत पाठवतो. सप्लायरचा मागचा इतिहास असा तक्त्यात येऊन बसतो. हा नियम काढून टाकला तर प्रत्येक लॉट जणू अनोळखी माणसाकडून आलेला, आणि बिघडलेला सप्लायर दर वेळी नशीब आजमावत राहतो.

सलग पाच लॉट पास झाल्याशिवाय ही कडक तपासणी उठवायची नसते. पण पहिला लॉट पास झाला रे झाला की परचेसवाले आमच्या टेबलाशी हजर: “साहेब, लाईन थांबेल. आता नॉर्मल करा ना!”