माइक, गिटार आणि तिसरी पिन

मार्च १९३१. कराचीत वल्लभभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. मूलभूत हक्कांच्या ठरावामुळे हे अधिवेशन इतिहासात नोंदले गेले; पण तेथे आणखी एक गोष्ट घडली. मूळच्या सिंधमधील मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’ या व्यवसायातर्फे नानिक मोटवाने यांनी सभेसाठी ध्वनिवर्धकांची व्यवस्था केली. तोवर मोठ्या सभेत वक्त्याचे शब्द पुढच्या काही रांगांपलीकडे पोहोचत नसत. मागे बसलेल्यांना नेता दिसे, पण ऐकू येत नसे. पुढील काळात गांधी-नेहरूंच्या छायाचित्रांत त्यांच्यासमोरचा माइक आणि त्यावरचे ‘शिकागो’ हे नाव वारंवार दिसू लागले. १९४२च्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहता यांच्याबरोबर ज्यांना आरोपी करण्यात आले, त्यांत नानिक मोटवानेही होते. आवाज दूरवर पोहोचवणे हे त्या काळी केवळ तांत्रिक काम नव्हते.

त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बीचम हा वादक वेगळ्या अडचणीवर उपाय शोधत होता. वाद्यवृंदातील पितळी वाद्यांच्या गजरात गिटार ऐकूच येत नसे. त्याने तारांभोवती चुंबक आणि तारांखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवले. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. फॅरेडेने १८३१मध्ये शोधलेला विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा नियम बरोबर शंभर वर्षांनी वाद्यात उतरला. ॲडॉल्फ रिकनबॅकरच्या कारखान्यातून १९३२मध्ये ही गिटार बाजारात आली. तिच्या आकारामुळे लोक तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणत. तिचे पेटंट मिळायला मात्र १९३७ साल उजाडले.

बेल लॅबोरेटरीजमधील वेंटे आणि थुरास यांचे चल-वेटोळ्याच्या माइकवरील कामही १९३१मधलेच. यात ध्वनीच्या दाबाने पातळ पडदा हलतो, त्याला चिकटलेले छोटे वेटोळे चुंबकाच्या खाचेत पुढेमागे होते आणि विद्युतदाब निर्माण होतो. आज सभेत किंवा कार्यक्रमात हाती येणारा साधा डायनॅमिक माइक याच वंशातला.

म्हणजे माइक आणि इलेक्ट्रिक गिटार या दोहोंच्या पोटात एकच नियम आहे. तरीही दोघांचा स्वभाव एक नाही. माइकमधले वेटोळे पडद्याबरोबर हलायचे असते, म्हणून ते हलके आणि कमी वेढ्यांचे. गिटारमधले वेटोळे जागचे हलत नाही, म्हणून त्यात केसाएवढ्या बारीक तारेचे हजारो वेढे घालता येतात. परिणामी माइककडून जेमतेम एक-दोन मिलिव्होल्ट मिळतात, तर गिटारकडून शंभर मिलिव्होल्ट किंवा त्याहून अधिक. शिवाय बदलत्या प्रवाहाला होणारा एकूण विरोध, म्हणजे इम्पिडन्स, माइकमध्ये काहीशे ओहम असतो. गिटारमध्ये तो उंच स्वरांसाठी हजारो ओहमपर्यंत चढतो.

येथेच घोटाळा होतो. बारीक झऱ्यावर भरणाऱ्या हौदाला मोठी मोरी काढली, तर पाण्याची पातळी कधी चढतच नाही. गिटार हा असा बारीक झरा आहे. माइकसाठी ठेवलेल्या एक-दोन हजार ओहमच्या वाटेत तिला जोडले, तर तिचा दाब वाटेतच कोसळतो. उंच स्वर सर्वांत आधी जातात आणि तार जणू गोधडीखाली वाजल्यासारखी येते. तिला लाखो ओहमची वाट लागते. म्हणून गिटारच्या खास ॲम्प्लिफायरमध्ये साधारण दहा लाख ओहमची सोय असते.

गिटारच्या केबलच्या टोकाला असणारा पाव इंची प्लग मुळात टेलिफोन एक्स्चेंजचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील ऑपरेटर याच घडणीचे प्लग खोचून दोन ग्राहकांचे बोलणे जोडून देत. पुढे तोच प्लग रेडिओत, ॲम्प्लिफायरमध्ये आणि गिटारमध्ये आला, अनेक पीए यंत्रांच्या माइकसाठीही वापरला गेला. प्लग भोकात बसला, एवढ्यावरून पलीकडचे वेटोळे आणि अलीकडची वाट यांचे जुळते असे नाही. पण डोळ्यांना दिसतो तो प्लग; इम्पिडन्स दिसत नाही.

भारतात या दोन परंपरा एकत्र आल्या त्या हिंदी चित्रपटसंगीतात आणि शहरांतील बीट ग्रुपांच्या मंचावर. व्हॅन शिपले यांनी इलेक्ट्रिक गिटार ध्वनिमुद्रिकांतून घरोघरी नेली. १९७० आणि १९७१च्या ‘सिमला बीट’ स्पर्धांत देशभरातील तरुणांचे गट उतरले. आयातीवर कडक निर्बंध होते, परदेशी गिटार ॲम्प्लिफायर दुर्मीळ होते. सहज भाड्याने मिळे ते सभा, लग्ने आणि उत्सवांसाठी बनलेले पीए यंत्र. ते बारा व्होल्टच्या बॅटरीवरही चाले आणि त्याला कर्णे जोडलेले असत. कर्णा मानवी आवाजासाठी घडवलेला. थोड्या वॅटमध्ये मोठे मैदान भरण्याची त्याची ताकद मोठी. पण गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सुमारे ८२ हर्ट्झचा मूळ स्वर त्यातून नीट बाहेर पडत नाही. त्यासाठी पेटीतले मोठे स्पीकर हवेत.

अशा अनेक यंत्रांवर माइकच्या वाटांखेरीज ‘ऑक्स’ नावाची एक वाट असते. ती रेकॉर्ड प्लेअर किंवा टेप लावण्यासाठी ठेवलेली. तिचा इम्पिडन्स बहुधा काही लाख ओहम आणि तिला लागणारा दाब शंभरेक मिलिव्होल्ट. म्हणजे गिटारला जवळपास हवे तेच. ‘गिटार माइकमध्ये नको, ऑक्समध्ये लाव’ हे साउंडवाल्याचे सांगणे पुस्तकातून आलेले नसले, तरी पूर्णपणे शास्त्रशुद्ध आहे.

केबल लांब असेल तर प्रश्न पुन्हा उभा राहतो. केबलच्या प्रत्येक मीटरमागे सुमारे शंभर पिकोफॅरड धारकता असते. वीस मीटरमध्ये गिटारचे उंच स्वर गळून जातात. त्यावरचा उपाय म्हणजे डीआय बॉक्स. त्याच्या साध्या प्रकारात एक ट्रान्सफॉर्मर असतो. वेढ्यांचे प्रमाण बारास एक असेल, तर इम्पिडन्स त्याच्या वर्गाने, म्हणजे १४४ पटींनी उतरतो. मग गिटारही माइकसारखी दोन समतोल तारांवरून दूर जाऊ शकते आणि वाटेत दोन्ही तारांवर सारखाच चढलेला गोंगाट शेवटी वजा होतो.

ट्रान्सफॉर्मर आणखी एक काम करतो, आणि ते जिवाच्या मोलाचे आहे.

३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ या गटाचा गिटारवादक लेस्ली हार्वी मंचावर उभा होता. एका हातात गिटार असताना त्याने अर्थिंग नसलेल्या माइकला स्पर्श केला आणि विजेच्या धक्क्याने त्याचा मृत्यू झाला. त्याआधी डिसेंबर १९६५मध्ये सॅक्रामेंटोत गिटार माइकच्या स्टँडला टेकल्याने कीथ रिचर्ड्स बेशुद्ध पडला होता; तो वाचला.

कारण सरळ आहे. गिटारच्या तारा केबलच्या जाळीतून तिच्या ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. माइकचे धातूचे अंग पीए यंत्राच्या सांगाड्याला. एका यंत्राचे अर्थिंग तुटलेले असेल आणि आत बिघाड होऊन सांगाड्यात वीज उतरली, तर दोहोंमध्ये २३० व्होल्टपर्यंत फरक पडू शकतो. बोटे तारांवर आणि ओठ माइकला लागले की मंडल वादकाच्या शरीरातून पूर्ण होते. छातीतून गेलेले काही दशक मिलिॲम्पिअर हृदय थांबवण्यास पुरेसे असतात.

आणि ही तार पुष्कळदा जाणूनबुजून तोडली जाते. दोन यंत्रे दोन वेगळ्या ठिकाणी अर्थ झाली आणि केबलनेही जोडली गेली, की अर्थचे बंद वर्तुळ तयार होते व स्पीकरमधून ५० हर्ट्झची गुणगुण येऊ लागते. मग कोणीतरी तिसरी पिन काढून टाकतो किंवा दोन पिनांचा प्लग लावतो. गुणगुण थांबते, सर्वांना हायसे वाटते, आणि मंच असुरक्षित होतो. योग्य उपाय म्हणजे दोन्ही यंत्रांना एकाच जागेवरून वीज देणे, किंवा डीआय बॉक्स लावून सिग्नलच्या केबलची जाळी तेथे सोडवणे. विजेच्या अर्थिंगला हात लावायचा नसतो.

भारतीय प्लगची तिसरी पिन इतर दोहोंपेक्षा लांब आणि जाड असते. लांब अशासाठी की प्लग खोचताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. जाड अशासाठी की ती चुकूनही जिवंत तारेच्या भोकात जाऊ नये. कराचीच्या अधिवेशनापासून आजच्या गणेशोत्सवाच्या मांडवापर्यंत ध्वनिवर्धकाने असंख्य लोकांचे म्हणणे शेवटच्या रांगेपर्यंत नेले. ते म्हणणे मांडणारा माणूस मंचावरून सुखरूप खाली उतरावा, ही जबाबदारी त्या पिनेवर आहे.