पाणचक्कीचे पीठ

पाचवीच्या मुलांना सहलीला पाणचक्कीवर नेण्याचा आमच्या शाळेचा रिवाज आहे. गेल्या खेपेस एका चुणचुणीत मुलीने मला विचारले, "बाई, हे पीठ कोण खात होतं?" आजवर मी मुलांना मातीचे नळ, पाण्याचा दाब, भिंतीवरून हौदात कोसळणारी धार, सारे समजावून सांगत आले, पण पीठ कोणाच्या पोटात गेले, हे सांगावे असे मला कधी सुचले नव्हते. इतिहासाचे असेच असते. तलवारीची नोंद होते, भाकरीची होत नाही.

उत्तर तसे सोपे आहे. बाबा शाह मुसाफिर हे बुखाऱ्याकडून आलेले सूफी सत्पुरुष. त्यांच्या दर्ग्याच्या आवारात अठराव्या शतकात ही चक्की फिरू लागली आणि तिच्या पिठावर फकीर, यात्रेकरू व शिपाई जेवू लागले. पण पिठाआधी पाणी आले. १६१० साली मलिक अंबराने खडकी वसविली, तेव्हा त्याने उत्तरेच्या डोंगरांतील पाणी जमिनीखालून, झाकलेल्या नहरीने गावात खेळविले. पुढे १६५३ मध्ये खडकीचे औरंगाबाद झाले, २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. नावे बदलली, पण शुद्ध पाण्याची गरज काही बदलली नाही. पटकीचे जंतू पाण्यातून पसरतात, हे कॉखने कलकत्त्याच्या तळ्यावर शोध घेतला तो १८८४ साली. तोवर आमच्या खेड्यापाड्यांतून मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडीत. अंबराला जंतू ठाऊक असण्याचे कारण नाही. पण पाणी झाकून आणावे, ही पोटाच्या आरोग्याची पहिली सवय त्याच्या नहरीने या गावाला लावली.

दुसरी सवय या मातीने लावली. मराठवाडा हा ज्वारीचा मुलूख. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी आणि वर ताक, हे येथले नित्याचे जेवण. माझी आजी रात्री ताकात ज्वारीचे पीठ भिजत घाली आणि सकाळी त्याची आंबील शिजवी. उरलेली भाकरी दुसऱ्या दिवशी ताकात कुस्करून खाल्ली जाई. यात औषध म्हणून काही नव्हते; होते ते वाया जाऊ द्यायचे नाही, एवढाच हिशेब.

मौजेची गोष्ट अशी की, या हिशेबाला पुढे शास्त्राने दुजोरा दिला. रशियन साम्राज्यात जन्मलेल्या मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने पॅरिसच्या पाश्चर संस्थेत बसून आंबट दुधाचे गुण गायिले. त्याने दीर्घायुष्याचा जो दावा केला, तो काही टिकला नाही. परंतु आतड्यांतील सूक्ष्म जीवांकडे जगाचे लक्ष वळले. भाकरीतील कोंडा आपल्याला पचत नाही. तो या जीवांचे अन्न होतो. शिजवून थंड झालेल्या अन्नातील पिष्टाचा काही भागही न पचता मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतो आणि त्यांच्याच उपयोगी पडतो. म्हणजे आजीची शिळी भाकरी अगदीच दरिद्री नव्हती! आणि वाग्भटाने तर फार पूर्वीच सांगून ठेविले की, पोटाचे चार भाग कल्पावेत. दोन अन्नाने भरावेत, एक पाण्याने, आणि चौथा वाऱ्यासाठी मोकळा ठेवावा.

मग ही घडी मोडली कशी? अज्ञानाने नव्हे, लाजेने. १९७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडावयास जात असे. रेशनवर अमेरिकेचा तांबडा मिलो मिळे. त्याची भाकरी थापता थापता तुटे आणि घशाखाली उतरत नसे, असे ती सांगे. त्या दिवसांपासून तिच्या मनात भाकरी म्हणजे दुष्काळ, असे बसले. पुढे चार पैसे आले, तेव्हा घरात गव्हाची पोळी आली. पाहुणा आला की भाकरीचे टोपले फडताळात लपविले जाई. त्या टोपल्याबरोबर आंबील गेली, ताकाची रवी माळ्यावर गेली. मीही मुलगी असताना मैत्रिणींपुढे डब्यातली भाकरी झाकून खाल्ली आहे; हे सांगताना आज लाज वाटते, ती भाकरीची नव्हे.

तीच ज्वारी आज अनेकदा गव्हाहून महाग मिळते, आणि भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून २०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी साजरे केले. आजी असती तर तिला हसू आवरले नसते.

असो. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा घरात चकल्या, करंज्या, लाडवांचे डबे भरलेले असतील. सणाचे चार दिवस मनसोक्त खावे. त्यात अडचण नाही. दुखणे असेल तर वैद्य-डॉक्टर आहेतच. पण भाऊबीज आटोपली की एखाद्या सांजेला दिवेलागणीलाच जेवून घ्यावे: गरम भाकरी, पालेभाजी, वाटीभर ताक. थोडी भूक राखून उठावे आणि अंगणात शतपावली घालावी. आणि पाहुणा आला, तर भाकरीचे टोपले झाकू नये.

त्या मुलीला मी उत्तर दिले, "बाळ, जो भुकेला येई, तो खाई." तिने लगेच विचारले, "मग त्यांचं पोट दुखत नव्हतं का?" तिच्यासाठीच हा लेख लिहिला.